तात्या विंचूचं वय काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सती नदी दुथडी भरून वाहत होती, कुरखेड्यातली वीज दुपारपासून गेलेली होती आणि आमच्या ओसरीवर शेजारचा सातवीतला मुलगा मोबाइलची उरलीसुरली बॅटरी संपवत बसला होता. दोन दिवसांत त्यानं ‘झपाटलेला’ आणि ‘झपाटलेला २’ हे दोन्ही सिनेमे पाहून टाकले होते. मोबाइल बंद पडला तसा तो माझ्याकडे वळला.

“चाचा, एक विचारू का? पहिल्या पिक्चरमध्ये लक्ष्याचं लग्न झालेलं नाही. मग दुसऱ्यात त्याचा पोरगा एवढा मोठा कसा? आणि तात्या विंचू तेवढाच कसा?”

मी कविता लिहिणारा माणूस. लोक मला यमक विचारतात, निमंत्रणपत्रिकेचा मजकूर विचारतात, फार तर शोकसभेत दोन शब्द बोलायला सांगतात. असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, “अरे, सिनेमा आहे तो. बाहुला बोलतो ते चालतं ना तुला? मग हेही चालव.”

पोरगा ऐकेना. म्हणाला, “बाहुला बोलतो तो मंत्रानं. पोरगा काय मंत्रानं मोठा झाला?”

मित्रहो, या एका वाक्यानं माझी बोलती बंद झाली. अद्भुत कथेचा अख्खा कायदा त्या पोरानं एका ओळीत सांगितला होता. आज त्याच कायद्याविषयी थोडं बोलायचं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही कंदील लावला, जुन्या कालनिर्णयचं एक पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला १९९३ साली. ‘झपाटलेला २’ आला २०१३ साली, तोही थ्रीडीमध्ये. मध्ये वीस वर्षं. कथेतही तेवढाच काळ गेला असं धरू. पहिला सिनेमा संपता संपता लक्ष्याचं लग्न लागलं आणि वर्षभरात पाळणा हलला, असं मानलं तरी मुलाचा जन्म १९९४चा. म्हणजे दुसऱ्या सिनेमात लक्ष्याचा मुलगा आदित्य फार तर एकोणीस वर्षांचा असायला हवा. ही भूमिका केली आदिनाथ कोठारे यांनी. त्यांचा जन्म १९८४चा. म्हणजे सिनेमा आला तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. कथेतला बाप बिनलग्नाचा होता, तेव्हा त्याचा हा भावी मुलगा प्रत्यक्षात नऊ वर्षांचा होऊन शाळेत जात होता!

पोरगा खूश झाला. त्याला चूक सापडली होती. पण मला वाटलं, ही खरंच चूक आहे का? आणि असेल तर १९९३ साली आपण सगळ्यांनी याहून मोठी चूक हसत हसत कशी चालवून घेतली?

कारण पहिला ‘झपाटलेला’ आठवून पाहा. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलो होतो. गणपतीत आमच्या चौकात भाड्याचा व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आला होता, आणि निम्मं गाव ताडपत्रीवर बसून तो सिनेमा पाहत होतं. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९५४चा. म्हणजे आईच्या धाकात असलेला तो बिनलग्नाचा लक्ष्या अडतीस वर्षांचा होता. आणि त्याची आई झालेल्या मधू कांबीकर जवळजवळ त्याच्याच वयाच्या! पण ताडपत्रीवरच्या एकाही माणसाच्या मनात हे आलं नाही. पांढरे केस, पदर, चालण्यातला जडपणा आणि “लक्ष्या” म्हणून मारलेली हाक, एवढ्यावर आम्हाला आई पटली.

तेव्हा गोंधळ टाळण्यासाठी एक गोष्ट नीट समजून घेऊ. कोणत्याही सिनेमात तीन घड्याळं एकाच वेळी चालत असतात. पहिलं कथेचं. त्यात वीस वर्षं एका क्षणात जाऊ शकतात किंवा एक रात्र तीन तास चालू शकते. दुसरं नटाचं. ते कुणासाठी थांबत नाही. तिसरं आपलं, बघणाऱ्याचं. एकच सिनेमा असेल तर ही तीन घड्याळं जुळवणं सोपं असतं. नटाचं वय रंगभूषा झाकते, आणि बघणारा अडीच-तीन तासांत म्हातारा होत नाही. अडचण सुरू होते ती कथेचा दुसरा भाग निघतो तेव्हा. मग नट खरोखर म्हातारा झालेला असतो, बघणाराही झालेला असतो, आणि दोघांनाही पहिला भाग आठवत असतो.

सिनेमाच्या धंद्यात याला कंटिन्युटी म्हणतात. एका दृश्यात नायकाच्या हातातला चहाचा पेला अर्धा असेल, तर पुढच्या तुकड्यात तो भरलेला दिसू नये, हे पाहायला चित्रीकरणाच्या जागी एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. पेल्याचा हिशेब सोपा. वयाचा हिशेब अवघड, कारण तो वीस-वीस वर्षं ठेवावा लागतो, आणि तेवढ्या काळात वही ठेवणारा माणूसही बदललेला असतो.

‘झपाटलेला २’पुढची अडचण तर वयाहून मोठी होती. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. पन्नाशी नुकतीच पूर्ण झाली होती. आता ज्या कथेचा जीवच लक्ष्या, तिचा पुढचा भाग काढायचा कसा? दुसऱ्या नटाला लक्ष्या करता आलं असतं. पण महाराष्ट्रानं ते मान्य केलं नसतं. लक्ष्या कुठं परगावी गेलाय, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण बघणाऱ्याला खरं ठाऊक होतं. त्यामुळे कथेनं आपलं घड्याळ वीस वर्षं पुढं नेलं आणि लक्ष्याच्या जागी त्याचा मुलगा आणला. पहिल्या भागात लक्ष्याच्या मागे लागलेला तात्या विंचू आता त्याच्या मुलाच्या मागे लागला. आई झालेल्या मधू कांबीकर आता आजी झाल्या. महेश जाधव हा पोलीस अधिकारी तोच राहिला, फक्त त्याचे केस पिकले. बाबा चमत्कार झालेले राघवेंद्र कडकोळही परत आले, ते खरोखरच वीस वर्षांनी म्हातारे होऊन. त्यांना रंगभूषेची गरज पडली नसेल, काळानंच ती केली होती.

आमच्या कालनिर्णयच्या पानावर मी त्या पोराला हे सगळं दाखवलं. म्हटलं, बघ, एका जागी दहा वर्षांची चूक आहे, पण बाकी सगळा ताळेबंद जमतो. आणि ज्या जागी माणूस गेला, त्या जागी कथेनं खोटं बोलायचं टाळलं.

“आणि तात्या विंचू?” तो म्हणाला.

तात्या विंचूची गंमत वेगळीच. दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेला हा गुंड मरता मरता बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्ये यांनी तो बाहुला घडवला आणि हलवला. बाहुल्याला वय नसतं. १९९३चा बाहुला २०१३ साली तेवढाच असू शकतो, आणि असलाच पाहिजे, कारण म्हातारं न होणं हीच तर त्याची जादू आणि हीच त्याची शिक्षा. पाध्ये यांच्याच घरातला अर्धवटराव पाहा. यशवंत पाध्ये यांनी तो बोलका केला, पुढं रामदास पाध्ये यांनी आणि आता सत्यजित पाध्ये यांनी त्याला बोलतं ठेवलं. तीन पिढ्या झाल्या, अर्धवटरावानं शंभरी ओलांडली, आणि त्याला एकही सुरकुती नाही. बोलणाऱ्या माणसाचं मात्र तसं नाही. प्रभावळकर पहिल्या तात्या विंचूच्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, दुसऱ्याच्या वेळी अडुसष्ट. बाहुल्याच्या तोंडून येणारा आवाज वीस वर्षांनी मोठा झाला होता. कान लावून ऐकलं तर बाहुल्याचं वय तिथं कळतं.

आता माझीच एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा कायदा मला कुठं समजला ते कळणार नाही.

आमचा भाग झाडीपट्टीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळीच्या सुमाराला धान घरात येऊ लागलं की मंडई भरते, आणि मग होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथं तारखा ठरतात. मुंबई-पुण्याच्या लोकांना खरं वाटत नाही, पण कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत हजारो माणसं तिकीट काढून बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ते आमच्याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. त्यांच्या नावावर आठशेवर भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग सांगितले जातात. इथला प्रेक्षक नटाला नावानं ओळखतो, त्याचं शेत कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं, त्याला नातवंडं किती तेही ठाऊक असतं. आणि तोच नट रात्री विशीतला प्रेमवीर होऊन आला, तर हाच प्रेक्षक टाळ्या वाजवतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी एक नाटक रचून दिलं. नागकन्या राजकुमारावर भाळते, माणूस होते, त्यांना मुलगा होतो, राजा लढाईवर जातो, परत येतो तेव्हा मुलगा मोठा झालेला असतो आणि बापलेक एकमेकांना न ओळखता लढतात, असा साधा जुन्या वळणाचा मामला. राजा गेल्यानंतरच्या विरहाचं पद मी लिहिलं होतं. त्यात मी ‘दोन पावसाळे’ गेल्याचं म्हटलं होतं. पद रंगलं, वन्समोअर मिळाला. सकाळी चहाच्या टपरीवर मी जरा छाती काढूनच उभा होतो. तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी आले. रात्रभर जागलेले डोळे, खांद्यावर घोंगडी. म्हणाले, “नाटक तूच लिवला ना जी?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “नागीन बाई झाली, मानलं आमी. पन दोन सालात पोट्ट्याला मिशा? हे काई जमत नाई जी.”

टपरीवर हशा पिकला. मी म्हणणार होतो की छंदासाठी तसं करावं लागतं. पण तेही खोटं ठरलं असतं. ‘दोन’ काढून ‘वीस’ घातलं तरी मात्रा तेवढ्याच! नुसता निष्काळजीपणा होता. त्याच दिवशी आम्ही पद बदललं. मग पुढचा प्रश्न आला. वीस पावसाळे गेले म्हणजे राजा म्हातारा व्हायला हवा. त्याच्या दाढीला पावडर लावली. आणि नागकन्या? तिला काय लावायचं? बराच खल झाला आणि ठरलं, तिला काही लावायचं नाही. ती मूळची नागीण, तिला म्हातारपण नाही. पुढच्या प्रयोगाला पांढऱ्या दाढीचा राजा आणि तशीच तरुण राणी समोरासमोर आले, तेव्हा मंडपात असा काही सन्नाटा पसरला की मला माझं पदही त्यापुढं फिकं वाटलं. लढाईहून तो क्षण जास्त लागला. हिशेब बरोबर केला म्हणून तो हाती आला.

तेव्हापासून मी मानतो की अद्भुत कथेत जादू कितीही असू द्या, पण ती ज्याची आहे त्याच्याच नावावर लिहा. नागिणीची जादू पोराच्या मिशांना लावता येत नाही. तात्या विंचूचा मंत्र आदित्यच्या वयाला लागू होत नाही. ज्याच्यावर जादू नाही, त्याचं वय पंचांगाप्रमाणे वाढलंच पाहिजे. बघणारा भूत मान्य करतो, कारण भूत त्यानं पाहिलेलं नसतं. पण मूल मोठं व्हायला किती वर्षं लागतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण त्यानं ते वाढवलेलं असतं.

परदेशातही लोक असेच हिशेब मांडत बसतात. हॅरी पॉटरचे आठ सिनेमे २००१ ते २०११ या काळात आले. कथेत शाळेची सात वर्षं, प्रत्यक्षात दहा. तिन्ही मुलं पडद्यावरच वाढली, म्हणून नटाचं आणि कथेचं घड्याळ बऱ्यापैकी जवळ राहिलं. पण मूळ कथा कोणत्या सालात घडते? पहिल्या पुस्तकात ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या पुस्तकात एका भुताच्या पाचशेव्या मृत्युदिनाची मेजवानी आहे, आणि तिथल्या केकवर त्याच्या मृत्यूचं साल लिहिलंय, १४९२. त्यात पाचशे मिळवले की १९९२. या एका केकवरून वाचकांनी सगळ्यांच्या जन्मतारखा मागेपुढे मोजून काढल्या. आणि मग सिनेमातल्या गफलती उघड्या पडल्या. पुस्तकातला स्नेप हा शिक्षक पहिल्या भागात एकतीस वर्षांचा आहे. सिनेमात ती भूमिका करणारे अॅलन रिकमन पंचावन्न वर्षांचे होते. स्नेपचे शाळासोबती असलेले हॅरीचे आईवडील पुस्तकात एकविसाव्या वर्षीच मारले जातात. पण स्नेपच पंचावन्नचा, म्हटल्यावर त्याचे सोबतीही थोराड दाखवणं आलं. एकविसाव्या वर्षी मेलेली पोरसवदा जोडी, हे त्या गोष्टीतलं मोठं दुःख. सिनेमात ते पातळ झालं. वयाची चूक अशी दुःखावर जाऊन आदळते.

याच मालिकेच्या सहाव्या सिनेमात लंडनचा मिलेनियम पूल कोसळताना दाखवलाय. पुस्तकाच्या हिशेबानं ते १९९६ साल, आणि तो पूल २००० साली खुला झाला! म्हणजे अजून न बांधलेला पूल पाडला. शेवटच्या सिनेमात ‘एकोणीस वर्षांनंतर’चं दृश्य आहे. विशीतल्या नटांना पोरांचे आईबाप दाखवायचं होतं. पहिल्या वेळी ते नीट साधलं नाही, म्हणून ते दृश्य पुन्हा चित्रित करावं लागलं. पैसा असूनही चार सुरकुत्या जमवणं किती कठीण, ते यावरून कळतं.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं दुखणं याच्या उलट. आधी २००१ ते २००३ या काळात नंतरची कथा आली आणि तिच्या साठ वर्षं आधीची ‘हॉबिट’ची कथा २०१२ ते २०१४ या काळात आली. त्यात लेगोलस नावाचा एक यक्षासारखा चिरतरुण धनुर्धर आहे. तो कथेत साठ वर्षांनी लहान असायला हवा, पण नट ऑर्लंडो ब्लूम मध्यंतरी बारा वर्षांनी मोठे झाले होते. चिरतरुणाचं सोंग घेणाऱ्यालाही काळ सोडत नाही.

आपल्याकडचा ‘बाहुबली’ तर सगळ्यांनी पाहिलाय. पहिला भाग २०१५चा, दुसरा २०१७चा. पंचवीस वर्षं साखळदंडात राहिलेली देवसेना पहिल्या भागात म्हातारी आहे, आणि दुसऱ्या भागात कथा मागे जाते म्हणून ती तरुण होते. बाप आणि मुलगा दोन्ही प्रभास. मुलगा तान्हा असताना नदीपार नेला, म्हणजे आता पंचवीसचा. प्रभास तेव्हा पस्तिशीचे. इथंही पुन्हा तीच दहा वर्षं! आणि आई झालेल्या अनुष्का शेट्टी प्रत्यक्षात त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. तरी हे खटकत नाही, कारण कथेनं पंचवीस हा आकडा एकदा सांगितला आणि तो शेवटपर्यंत पाळला. दोन वर्षं अख्खा देश कटप्पानं बाहुबलीला का मारलं हे विचारत होता. कटप्पा पंचवीस वर्षांनीही तलवार कसा चालवतो, हे फारसं कुणी विचारलं नाही. नट वयानं चुकला तर लोक चालवून घेतात, पण कथेनं दिलेला आकडा कथेनंच मोडला तर घेत नाहीत.

कुणाला असा हिशेब स्वतः मांडायचा असेल, तर त्याची रीत सोपी आहे. आधी एक पक्की तारीख शोधा. केकवरचं साल असो, थडग्यावरचं असो की पात्राच्या बोलण्यात आलेला आकडा असो. तिला खुंटी माना. मग जन्म, लग्न, मृत्यू हे तिच्यापासून मागेपुढे मोजा. प्रत्येक आईच्या आणि तिच्या मुलाच्या वयातलं अंतर तपासा, कारण सर्वांत जास्त गफलती तिथंच होतात. आणि जिथं कथा गप्प आहे तिथं तिला गप्प राहू द्या. न सांगितलेलं साल ही चूक नसते. उलट शहाणे लेखक साल सांगतच नाहीत.

ही रीत मी कुठं शिकलो म्हणाल, तर सिनेमात नाही. आमच्या घरात शिकलो.

२०१३ साली, म्हणजे ‘झपाटलेला २’ आला त्याच वर्षी, मी अम्मीचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरला. घराचं नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत होतं. योजनेसाठी वय पासष्ट लागतं. अम्मी म्हणाली, मी तर सदुसष्टची. तिचा हिशेब चंद्राचा. आमचं हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षाहून अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे सूर्याची पासष्ट वर्षं होतात तेव्हा चंद्राची सदुसष्ट भरतात. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण आधार कार्डावर तिचा जन्म होता १९५६चा. नोंदणीच्या दिवशी मोठी रांग होती, तिच्याजवळ दाखला नव्हता, कुणीतरी तोंडाकडे पाहून अंदाजानं साल टाकलं. कार्डाप्रमाणे ती सत्तावन्न वर्षांची. अर्ज परत आला.

मी कागद मांडून बसलो. माझ्या मोठ्या आपाचा शाळेचा दाखला होता, जन्म १९६७. आईचा १९५६. म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे माझ्या आईला अकराव्या वर्षी मुलगी झाली होती! मी ते एका कचेरीत दाखवलं. तिथल्या बाबूंनी दोन्ही कागद पाहिले आणि म्हणाले, “दोन्ही कागद खरे आहेत.” मला टपरीवरचे ते म्हातारे आठवले. रात्रभर जागलेल्या डोळ्यांना जी चूक दिसली, ती इथं भर दुपारी कुणाला दिसत नव्हती.

आम्हाला खुंटी सापडायला पाच वर्षं गेली. २०१८ साली घराचे कवेलू बदलताना जुनी पेटी काढली, तिच्या तळाशी अब्बांच्या कागदांत निकाहनामा निघाला. त्यावर हिजरी १३८५ आणि इसवी १९६५ अशा दोन्ही तारखा होत्या, आणि वधूचं वय लिहिलेलं होतं, सतरा. हाच आमचा केक. त्यावरून जन्म १९४८, आणि २०१३ साली पासष्ट पूर्ण. सगळा हिशेब जुळला. कार्ड दुरुस्त झालं, पैसे सुरू झाले. मधली पाच वर्षं मात्र कुणी परत दिली नाहीत. सिनेमात जशी वर्षं गाळतात, तशी ती गाळली गेली. फरक एवढाच की अम्मी ती जगली होती, त्यातली दोन वर्षं गुडघ्याचं औषध न घेता.

म्हणून त्या पोराच्या प्रश्नाला मी हसलो नाही. वय हा क्षुल्लक तपशील नाही. गोष्टीत काय आणि कागदावर काय, माणसाचं वय बरोबर लिहिणं म्हणजे तो माणूस खरोखर जगला हे मान्य करणं. लक्ष्या पडद्यावर पुन्हा आला नाही, त्याचा मुलगा आला, यात मला तेच दिसतं. त्याच्या जाण्याची नोंद कथेनं ठेवली.

वीज आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पोरगा ते पान घेऊन घरी निघाला. दारात थांबून म्हणाला, “चाचा, माझ्या आजीचं वय काय असेल?” मी म्हटलं, “मला काय विचारतोस? तिलाच विचार. पण नुसतं वय विचारू नको. तिच्या लग्नाच्या वर्षी काय झालं होतं ते विचार. पूर आला होता का, दुष्काळ होता का, गावात कोणतं नाटक झालं होतं. आणि पानाच्या मागे लिहून ठेव.”

तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. आज रात्री जेवताना विचारा, आणि लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)